गोधडीच्या पोटातले तांदूळ

गोधडी उपाशी शिवायची नाही, हे मला आईनं शिकवलं. कडेपासून टाके घालत घालत मधोमध यायचं. मधल्या चौकोनी तुकड्याची एक बाजू उघडी ठेवायची. चिंधीत बांधलेले चिमूटभर तांदूळ तिथून आत सरकवायचे आणि मगच गोधडीचं तोंड बंद करायचं. पोट रिकामं राहिलं तर पांघरणारा जन्मभर उपाशी झोपतो, असं ती सांगायची.

माझ्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडले. आईनं हूं की चूं केलं नाही. पण पुढच्या हिवाळ्यात ती गोधडी शिवायला बसली आणि तांदूळ टाकले. बाप ओरडला, "देव गेले, आता हेही सोड." आई सुई न थांबवता म्हणाली, "देव जेवत नव्हते, म्या पाह्यलं हाय. हे गोधडी त अंगावर राह्यते. इले भूक लागते." बापानं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. त्याच्या अंगावरही तिनंच शिवलेली गोधडी होती.

मी गोधडी शिवायला बसलो तो हौसेनं नाही. मूल गावच्या राईस मिलमध्ये पट्ट्यात माझा पाय गेला. तुटला नाही, पण कामातून गेला. घरी आणून खाटेवर टाकलं तेव्हा आईनं पहिल्यांदा पाय पाहिला, मग माझं तोंड पाहिलं आणि सुई-दोरा माझ्या छातीवर फेकला. "बसून खाशीन त बसून काम कर," एवढंच बोलली. दुसरी एखादी आई रडली असती. तिला वेळ नव्हता.

हापशीवरच्या बाया खूप हसल्या. एक म्हणाली, "भाऊ, आता लुगडं बी नेसा." मी म्हटलं, "तुहं आन, नेसतो. पन मंग फाटलं त मायाकडे नोको येऊ." पुढच्याच महिन्यात तिचंच गाठोडं माझ्या दारात आलं. मी ते सगळ्यात शेवटी शिवलं.

हात चांगला होता माझा, हे मी स्वतः सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. टाका तांदळाएवढा आणि ओळ बांधीतल्या धानाच्या रोपांसारखी सरळ. सिंदेवाहीच्या बाजारातली मशीनची गोधडी तीन हिवाळ्यांत उसवते. माझी गोधडी पांघरणारा आधी मरतो.

मी बसून शिवायचो आणि बायको उभ्यानं राबायची. पावसाळ्यात धानाची रोवणी, उन्हाळ्यात मोहफुलं, मग तेंदूपत्ता. गावानं एक म्हण पाडली, "बायको जंगलात, बुढा गोधडीत." पोरं माझ्या दारावरून जाताना ती गाण्यासारखी म्हणायची. बायको त्यांना शिव्या द्यायची. मी देत नव्हतो. म्हण चांगली जुळली होती.

मोहाच्याच दिवसांत ती गेली. सकाळी तिनं आपली हिरवी, पिवळ्या काठाची साडी धुऊन दोरीवर टाकली आणि फाटकी नेसून टोपली घेऊन निघाली. वाकून फुलं वेचणारं माणूस वाघाला माणूस दिसत नाही, असं फॉरेस्टवाले नंतर सांगत होते. सांगणाऱ्यानं पाठ ताठ ठेवूनच सांगितलं.

गावातले गडी काठ्या घेऊन धावले. मी निघालो तर म्हणाले, "तू राह्य बावा, तुह्या पायाले आमी कुठी थांबू?" मी अंगणात बसलो. दिवस कलला तेव्हा त्यांनी तिला आणलं, चादरीत बांधून. गाठोडं लहान होतं. चार जण लागले नव्हते, दोघांनीच आणलं होतं. ते पाहून मी समजलो. उघडून पाहायची गरज पडली नाही, आणि कोणी उघडूही दिलं नाही.

दोरीवरची साडी तोपर्यंत वाळली होती. मीच काढली, घडी केली आणि पेटीत ठेवली. चौदावीनंतर सून म्हणाली, "बाबा, ते साडी द्या, भांडेवालीले देऊ. एखादा गंज, पातेलं येईन." मी म्हटलं, "तुह्या मायच्या साड्या आन, दोन येतीन." तिनं पुन्हा विषय काढला नाही. माझ्याशी बोलणंही तिनं बरंच कमी केलं. ते मला बरंच झालं.

त्या साडीला मी कात्री लावली ती नातीसाठी. ही नात म्हणजे मुलाची मुलगी, पण ती वाढली माझ्या बायकोच्या पाठीला चिकटून. तिला चामोर्शीकडे दिली. दिवस गेल्यावर तिनंच मला फोन केला.

"आबाजी, लेकराले गोधडी तुमीच शिवजा."

"शिवतो."

"अन् आजीच्या हिरव्या साडीची शिवजा. तिच्याच पाठीशी झोपलो आमी, आता लेकरू बी झोपन."

फोन हातात धरून मी पेटीकडे पाहत राहिलो. त्याच दिवशी साडी काढली.

लेकराची गोधडी लहान असते, पण काम मोठ्या गोधडीपेक्षा जास्त. आतल्या थराला जाडेभरडे कपडे चालत नाहीत. शिवण टोचता कामा नये, गाठ वर दिसता कामा नये. काठाला मी माझं जुनं धोतर लावलं आणि मधोमध हिरवा चौकोन. त्याच्याखाली आमच्या बांधीतल्या धानाचे तांदूळ ठेवले. तोंड बंद करून दोरा दातानं तोडला.

पहिलं बाळंतपण माहेरचं. पण माझा मुलगा आणि सून, दोघंही तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. मिरची कोणाच्या बाळंतपणासाठी थांबत नाही. नात सासरीच बाळंत झाली, मुलगा झाला. माझ्या मुलानं तिकडून फोन केला. "बाबा, तुमी एकटे नोका जाऊ तिथी. आमी आल्यावर सगळे मिळून जाऊ." मी म्हटलं, "तोवर पोट्टं काय पांघरन, तुही मिरची?" आणि निघालो.

मूलला गाडी बदलली. गाठोडं मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर बाई होती. म्हणाली, "भाऊ, गाठोडं खाली ठेवा, मानसं उभे हायेत."

"खाली नाई ठेवत. लेकराचं हाय."

"मंग लेकरू कुठी हाय?"

"चामोर्शीले हाय. हे त्याचं पांघरून."

मागून कोणीतरी बोललं, "बुढा लेकराच्या आधी पांघरूनच घेऊन फिरून राह्यला!" सगळी गाडी हसली. मीही हसलो. वैनगंगेच्या पुलावरून गाडी जाताना मला वाटलं, बायको असती तर खिडकीशी बसायचा हट्ट धरला असता आणि मी जागा दिली नसती.

नातीच्या सासूनं दारातच तांब्या दिला. पाणी पायावर पडायच्या आधीच बोलली, "आले का? आमाले वाटलं, माहेरात कोनी उरलंच नाई."

"मी उरलो हावो," मी म्हटलं.

नात आत खाटेवर होती. चेहरा पांढरा पडलेला, डोकं बांधलेलं. तिनं माझ्याकडे पाहून हसू आणलं. लेकरू दुकानातल्या एका केसाळ कंबलात गुंडाळलेलं होतं. त्या कंबलावर मोठा पिवळा वाघ छापलेला, जीभ बाहेर काढून हसणारा. कंबल मी बराच वेळ पाहिलं. माझ्याशिवाय त्या घरात कोणाला त्यात काही दिसत नव्हतं.

मी गोधडी पसरली. सासूनं आधी काठ चाचपला, मग उलटी करून पाहिली. तिला काम कळत होतं, ते मी कबूल करतो. हात फिरवता फिरवता मधोमध आला आणि थांबला.

"हे काय टोचून राह्यलं?"

"तांदूळ."

निखाऱ्याला लागावा तसा तिनं हात मागं घेतला. "तांदूळ? कोनी मंतरून देल्ले?"

"कोनी नाई. गोधडीचं पोट हाय ते. आमच्या इकडे असंच शिवते."

"अन् हे हिरवं कोनाचं?"

"माह्या बायकोचं."

"वाघानं नेली ते?"

"तेच."

तिनं गोधडी दोन बोटांनी उचलली आणि दारातून अंगणात फेकली. गोधडी कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पडली. शेजारच्या दोघी बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. सासू त्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "पाहा वो बाई! आमच्या नातवासाठी मेलीची साडी अन् भारलेले तांदूळ आनले! माहेरानं बाळंतपन नाई केलं, करनी मात्र करून धाडली!"

आमच्या जिल्ह्यात हा शब्द हलका नाही. त्या शब्दावरून माणसं झाडाला बांधलेली मी पाहिली आहेत. कुंपणापाशी आणखी बाया आल्या.

आवाज ऐकून नातीचे सासरे बाहेर आले. ते निवृत्त गुरुजी. घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली पुस्तकांची रांग. मला वाटलं, आता बायकोला दोन शब्द सुनावतील. त्यांनी चष्मा नीट केला आणि मलाच विचारलं, "तुमच्या वडिलांनी दीक्षेच्या प्रतिज्ञा घेतल्या होत्या ना?"

"घेतल्या होत्या."

"मग तांदूळ कशाचे? हीच ती अंधश्रद्धा. माझ्या घरात ही गोधडी येणार नाही."

बायको करणी मानते म्हणून गोधडी बाहेर, नवरा करणी मानत नाही म्हणून बाहेर. त्या दोघांचं एकमत झालेलं त्या घरानं त्याआधी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

नात भिंत धरत धरत दारापर्यंत आली. "आबाजी, मधला तुकडा काढून टाका ना. बाकीची ठेवतीन ते."

सासू थोडी निवळली. कुंपणावरच्या बायांसमोर ती मोठ्या मनाची झाली. "काढा. तांदूळ कोंबड्याले टाका. दुसरं फडकं मी देतो, ते लावा. सुई असनच तुमच्यापाशी."

सुई होती, टोपीच्या कडेला खोचलेली. थोडक्यातलं काम होतं. मी हात वर केला नाही.

नात माझ्या कानाशी आली. तिच्या अंगाला बाळंतिणीच्या शेकाचा वास येत होता. "नाई त म्हना, आजीची नोहे. दुसऱ्या कोनाची हाय, म्हातारपनी चुकलो म्हना. मानतीन ते. मले इथी राह्याचं हाय, आबाजी."

मला इथे राहायचं आहे, हेच ती म्हणाली. मी ते ऐकलं आणि समजलोही. पण माझी बायको काही चोरीची नव्हती, की पाहुण्यांसमोर ती आपली नाही म्हणावं. वाघानं तिचं फार थोडं ठेवलं होतं. जे उरलं होतं ते मी कोंबड्यांना टाकणार नव्हतो.

मी मोठ्यानं बोललो, कुंपणापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. "काऊन वो, तूच फोनवर सांगतलं नोहतं का, आजीच्या हिरव्या साडीची शिवजा म्हणून?"

सासूची मान हळूहळू नातीकडे वळली.

"असं? हे तुहं सांगनं होतं?"

नातीनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी आजीच्या पाठीआडून पाहायची, तसेच तिचे डोळे होते. मग ते बदलले.

"म्या नाई सांगतलं," ती म्हणाली. "बुढा झाला तो. डोस्कं फिरलं त्याचं, आजी मेली तवापासून. काईबी बोलते."

गुरुजींनी मान डोलवली. त्यांना ते पटलं. कुंपणावरच्या बायांनाही पटलं. एक जण दयेनं म्हणाली, "जाऊ द्या बाई, म्हातारं मानूस हाय." नातीचं घर वाचलं ते तिच्या त्या खोट्यावर. ते तिनं माझ्यावर पाय ठेवून वाचवलं. हिंमत आजीचीच होती, फक्त ती आता त्या घराच्या बाजूनं उभी राहिली होती.

जेवण वाढलं होतं. मी जेवलो नाही. गोधडीवर एक कोंबडी उभी होती, तिला हाकललं, गोधडी झटकली आणि गाठोडं बांधलं. दारापर्यंत कोणी आलं नाही. आत लेकरू रडायला लागलं होतं आणि नात त्याला थोपटत होती. आजी तिला थोपटायची तोच ताल होता, दोन हलके आणि एक जोराचा.

मिरचीवरून आल्यावर मुलगा आणि सून दोघंही माझ्यावर तुटून पडले. "काऊन बोलले तुमी? थोडं खोटं बोलले असते त काय बिघडलं असतं?" मी विचारलं, "माह्या जागी तू असता त बोलला असता?" मुलगा म्हणाला, "एका पायावर." मी म्हटलं, "मले त एकच हाय. थो खोटं बोलाले नाई वापरत मी." त्यानंतर आमच्या घरात तो विषय निघत नाही. नातीचा फोन सुनेला येतो. माझ्या हातात देत नाहीत, आणि मी मागत नाही.

गोधडी माझ्याकडेच आहे. थंडीत गुडघ्यावर घेतो, तेवढ्यालाच पुरते. मधे उंदरानं हिरव्या चौकोनाला भोक पाडून तांदूळ नेले. मी नवे भरले आणि भोक बुजवलं. आता तिथे हिरवं कमी आणि माझे टाके जास्त दिसतात.

परवा मुलगा चामोर्शीला जाऊन आला. लेकरू चालायला लागलं म्हणे. मी एकच विचारलं.

"झोपते कायच्यात?"

"त्याच वाघाच्या कंबलात," मुलगा म्हणाला. "सोडतच नाई. वाघाच्या जिभेवर हात ठेवल्याबिगर झोप येत नाई त्याले."