वाघ्या शहाणा झाला तो आठवडा

२०२३ साल, मे महिन्याचा दुसरा आठवडा, ऐन वैशाख. एवढं नेमकं सांगायचं कारण असं, की त्या आठवड्यात मी जे केलं ते शब्बीर आमच्या निमोण्यात चहाच्या टपरीवर सांगत असतो आणि दर खेपेला त्यात भर घालतो. मागच्या खेपेला ऐकलं तेव्हा मी डॉक्टरणीवर काठी उगारली होती. काठी माझ्याकडे नव्हतीच. तेव्हा बसा, चहा घ्या आणि खरं काय ते माझ्याकडून ऐका. खऱ्यातही मी शहाणा ठरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण जनावर मला कळतं. चाळीस वर्षं बैल घेतले, विकले. एकदाही फसलो नाही. का? माझी एक रीत होती.

बाजारात एखाद्या व्यापाऱ्याचा बैल मनात भरला, तरी तो लगेच बघायचा नाही. आधी आपला बैल त्याच्यापुढे उभा करायचा, विकायचा आहे म्हणून. आपल्या बैलाची खोड आपल्याला ठाऊक असते. व्यापाऱ्यानं नेमकी तीच सांगितली, तर माणूस खरा. नसलेली खोड काढून भाव पाडायला लागला, की दावं हातात घ्यायचं आणि चालू लागायचं. पोरीचं स्थळसुद्धा मी जवळपास असंच पारखलं होतं, पण ते राहू द्या.

ती पोरगी, सुनंदा, दौंडला रेल्वे कॉलनीत असते. जावई रेल्वेत. मे महिन्यात त्यांचा पास निघाला, रामेश्वरला निघाले, आणि जाताना घरची कुत्री माझ्या ओसरीवर सोडून गेले. नाव ब्राउनी. आकार मांजराएवढा. गळ्यात पट्टा, पट्ट्याला घुंगरू. नात सई चौथीत. तिनं मला बजावलं, "आजोबा, मी रविवारी येणार. तोवर हिला काही झालं, तर मी तुमच्याशी बोलणार नाही." मी म्हणालो, बरं.

माझा स्वतःचा कुत्रा वाघ्या. काळा, सात वर्षांचा. बैल विकल्यापासून माझ्या हाकेला ओ देणारं दारात तेवढंच एक राहिलं आहे. मी त्याचे लाड करत नाही. भाकरी टाकतो, तो खातो.

ब्राउनीलाही भाकरी टाकली. तिनं वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पायताण टाकलं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन दिवस अन्न नाही म्हणजे जनावर आजारी. हे मला कोणी शिकवायला नको.

सुनंदाला फोन केला. ती म्हणाली, डॉक्टरला दाखवा, मी पैसे पाठवते, आमचे दौंडचे डॉक्टर चांगले आहेत. मी सांगितलं, जावयाचा पैसा मला नको आणि डॉक्टर कोणता ते मी ठरवीन.

आमच्या गाई बघायला येतात त्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असलं लहान कुत्रं शिरूरला दाखवा, तिथं त्यांचे वेगळे दवाखाने आहेत. वेगळे म्हटल्यावर मी सावध झालो. त्यात शब्बीर आला. शब्बीर आमचा शेजारी, भाजीपाल्याची पिकअप चालवतो, पन्नाशीचा आहे पण बोलणं थांबत नाही. त्यानं सांगितलं, पुण्यात त्याच्या साडूनं कुत्र्याचं पोट दाखवलं तर अकरा हजार बिल झालं.

"अकरा हजारात म्हैस येती, आप्पा."

"म्हैस येत न्हाई. रेडकू येतंय," मी म्हणालो. चुकीचा भाव मला ऐकवत नाही.

पण धसका बसला. अकरा हजार. आणि डॉक्टर खरा की लबाड, हे ओळखायचं कसं? मग रीत आठवली. आपलं ठाऊक असलेलं जनावर आधी पुढे करायचं.

वाघ्या.

सात वर्षांत त्याला शिंकसुद्धा आली नव्हती. आणि गेले आठ दिवस तर तो असा वागत होता, की बघत राहावं. दूधवाल्यावर भुंकत नव्हता. कोंबड्यांमागे पळत नव्हता. भाकरीसाठी चुलीपाशी घोटाळत नव्हता. हाक मारली की शांतपणे मान उचलून बघायचा आणि परत ठेवायचा. सात वर्षं मी त्याला शिस्त लावत होतो. शेवटी लागली, असं माझं मत झालं. बायको एकदा म्हणाली, वाघ्या गप गप हाय. मी म्हणालो, शहाणा झालाय, तुला बघवत नाही.

बुधवारी शब्बीरची पिकअप शिरूरला मार्केट यार्डात जायची होती. मी वाघ्याला मागं चढवलं. म्हणजे उचलून ठेवलं, कारण त्यानं उडी मारली नाही. तेही मी शिस्तीत धरलं.

शब्बीर म्हणाला, "आन् ती बारकी? आजारी तर ती हाय ना?"

"आधी डॉक्टर पास होऊ दे. मग तिला आणू."

"म्हंजी दोन चकरा. डिझेल कुणाचं?"

"माझं. खर्च वाचवायचा तर आधी थोडा करावा लागतो."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि गाडी चालू केली.

दवाखाना एसटी स्टँडच्या पुढं, एका गाळ्यात. बाकावर एक बाई मांजर घेऊन, एक जण शेळी घेऊन. डॉक्टर म्हणजे तिशीतली पोरगी. आमचा नंबर आल्यावर तिनं विचारलं, "काय होतंय याला?"

"काही न्हाई."

"मग आणलाय कशाला?"

"तुम्ही बघा, मॅडम."

तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. ताप बघितला. ओठ उचलून हिरड्या बघितल्या, पोट दाबलं, कान उलटा केला. मग म्हणाली, "आजोबा, हा गोचीड ताप वाटतो. हिरड्या फिक्या पडल्यात. काचेवर रक्त घेऊन बघू, पण औषध आजच सुरू करायला पाहिजे. तपासणीचे तीनशे. रक्त, औषधं सगळं धरून हजारात होईल."

झालं. नसलेली खोड निघाली. मी वाघ्याचा पट्टा धरला आणि उभा राहिलो.

"मॅडम, हा कुत्रा निरोगी हाय. मी मुद्दाम निरोगी आणला. तुमची पारख करायची व्हती."

बाकावरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. शेळीसुद्धा. मॅडम रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग झाली पारख?"

"झाली," मी म्हणालो आणि तीनशे न देता बाहेर पडलो. काठीचा प्रसंग शब्बीर इथं घालतो. तो तेव्हा बाहेर गाडीत तंबाखू मळत होता.

त्यानं विचारलं, फी दिली का. मी म्हणालो, नसलेल्या तापाची फी कसली?

आता राहिला दौंडचा. शुक्रवारी शब्बीरला कांदा घेऊन तिकडं जायचं होतं. पुन्हा वाघ्याला उचलून ठेवलं. या खेपेला तो हलका लागला. मला वाटलं, माझीच ताकद वाढली.

दौंडच्या दवाखान्यात आधी खिडकीवर पैसे भरायचे, मग आत सोडायचं. चारशे. तिथंच मला घाम फुटला, पण आता इतकं लांब आलो होतो. हे डॉक्टर वयस्क, केस पांढरे. मी काही बोललो नाही. त्यांनी ओठ उचलला, कान बघितला आणि म्हणाले, "गोचीड ताप. उशीर करू नका. काचेवर रक्त बघून आजच औषध सुरू करतो."

मी म्हणालो, राहू द्या, मी फक्त दाखवायला आणलं होतं. मग सुनंदाचं नाव सांगून ब्राउनी जेवत नसल्याचं विचारलं. ते हसले.

"ब्राउनी? तिला घरात कोणी लपून खायला घालत नाही ना, ते बघा."

"माझ्या घरात लपून काही होत न्हाई," मी म्हणालो.

परत येताना मी शब्बीरला दौंडचा निकाल सांगितला. तो म्हणाला, "आप्पा, दोघं एकच सांगत्यात."

"फोन झाला आसंल."

"कुणाचा?"

"त्या मॅडमचा. म्हातारा येईल, काळं कुत्रं घेऊन."

"तिला तुमचं नावबी ठावं न्हाई." त्यानं गियर बदलला. "बरं, मला एक सांगा. बाजारात दोन व्यापाऱ्यांनी एकाच बैलाची एकच खोड काढली, तर तुम्ही काय समजायचा?"

मी त्याला समोर बघून गाडी चालवायला सांगितलं.

शनिवारी सकाळी मी गाईची धार काढून घरात आलो, तर स्वयंपाकघरातून घुंगराचा आवाज. बघतो तर बायको खाली बसलेली, मांडीवर ब्राउनी, आणि वाटीत दूध, तूप, कुस्करलेली चपाती. ब्राउनी वाटी चाटून तळ दाखवत होती.

मी विचारलं, हे कधीपासून? कळलं, पहिल्या दिवसापासून. दिवसातून चार वेळा.

"ही आजारी हाय म्हणून मी दोन गावं हिंडलो," मी म्हणालो.

"हिला कुठं नेलंत? तुम्ही वाघ्याला नेलंत. मला वाटलं, तोच आजारी हाय. गप गप हाय म्हणून मीच नव्हतं का सांगितलं?"

मी बाहेर आलो. वाघ्या गोठ्याच्या सावलीत पडला होता. हाक मारली. मान उचलली नाही. फक्त शेपटीचं टोक हललं, एकदा.

मी खाली बसलो. ओठ उचलला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. कान उलटा केला, तर आत तुरीच्या दाण्यांसारखे टरटरून फुगलेले गोचीड. ऐका आता. माझ्या गाईचा कान मी रोज बघतो. कासेखाली, शेपटीखाली हात फिरवतो. एक गोचीड दिसला तर गोठा धुऊन काढतो. आणि त्याच गोठ्याच्या दारात झोपणाऱ्या वाघ्याचा कान मी सात वर्षांत उलटा केला नव्हता.

जनावर मला कळतं, असं मी मघाशी म्हणालो. ते विसरा.

दौंड लांब, तासभर तरी अधिक. शिरूर जवळ. म्हणजे त्याच दवाखान्यात जायचं, त्याच बाकावर बसायचं. मी शब्बीरला हाक मारली. त्यानं वाघ्याकडे बघितलं आणि डिझेलचं न विचारता गाडी काढली. मी मागं बसलो, वाघ्याचं डोकं मांडीवर घेऊन. सात वर्षांत पहिल्यांदाच.

दवाखान्यात पाचजण बसले होते. मॅडमनं दारातून बघितलं आणि म्हणाली, "त्यांना आधी आत येऊ द्या."

टेबलावर ठेवल्यावर तिनं ओठ उचलला, पण मला काही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं. तिनं दोन वाटा सांगितल्या. एक, पुण्याला नेऊन रक्त चढवायचं, दहा-बारा हजारांच्या पुढं. दोन, इथंच रोज आणायचं, सलाइन आणि इंजेक्शन पाच दिवस, मग महिनाभर गोळ्या. गोळ्या साध्या मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतील, नाव लिहून देते. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आसपास.

"वाचंल का?" मी विचारलं.

"वाटतंय वाचेल. शब्द देत नाही, आजोबा."

जो शब्द देत नाही तो माणूस खरा. हे मला बाजारात ठाऊक होतं, दवाखान्यात सुचलं नव्हतं. मी म्हणालो, इथंच करा.

तिनं काचेवर रक्ताचा थेंब घेतला, यंत्राखाली बघितला आणि मला म्हणाली, बघायचाय का ताप कशामुळं आलाय तो? मी एक डोळा मिटून बघितलं. गुलाबी ठिपके. काही कळलं नाही.

"दिसलं?"

"दिसलं," मी म्हणालो.

पाच दिवस रोज निमोणे ते शिरूर. बुधवारी हजारात होणारं काम डिझेल धरून सहा हजारांवर गेलं. गोठा, ओसरी, सगळीकडं औषध मारलं. रविवारी सई आली, ब्राउनीला उचलू गेली आणि ओरडली, "आजोबा, ही केवढी जाडी झाली!" नात माझ्याशी बोलत राहिली, एवढं त्यात चांगलं झालं. ती वाघ्यापाशी बसून त्याचे कान कुरवाळत होती. मी तिला सांगितलं, कान उलटा करून बघत जा. रोज.

तिसऱ्या दिवशी वाघ्यानं पाणी मागितलं. पाचव्या दिवशी भाकरी. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी अंगणात आरडाओरडा झाला. वाघ्या दूधवाल्याच्या मागं लागला होता, आणि परत येताना एका कोंबडीच्या. सगळी शिस्त गेली. बायको म्हणाली, "आजारी व्हता तवाच बरा व्हता, व्हय का?" मी चहा पीत बसलो. इतका चांगला चहा बऱ्याच दिवसांत प्यालो नव्हतो.

त्याच दिवशी मी एसटीनं एकटा शिरूरला गेलो. मॅडमनं मला एकट्याला बघून पेन खाली ठेवलं. "वाघ्या कुठाय?"

"घरी. दूधवाल्याला चावायला बघतोय."

ती हसली. मी खिशातून तीनशे काढून टेबलावर ठेवले.

"हे कशाचे? तुमचं बिल तर पूर्ण झालंय, आजोबा."

"पहिल्या दिवसाचे. त्या बुधवारी तुम्ही कुत्रा तपासला व्हता."

तिनं कपाटातून वाघ्याचा कागद काढला, वरची ओळ वाचली आणि माझ्यासमोर धरला. तिथं लिहिलं होतं: तक्रार – मालकाच्या मते काहीही नाही.

"त्या बुधवारी तर तो निरोगी होता ना?"

मी नोटा पुढं सरकवल्या. तिनं त्या घेतल्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवल्या.