दोन मिनिटांचा पाहुणचार

एक माणूस सोडला, तर अकोल्यावरून रेल्वेने जाणारा माझ्या सासुरवाडीचा एकही नातेवाईक गेल्या तीस वर्षांत उपाशी गेलेला नाही, आणि ‘भूक आहे का’ असं त्यांच्यापैकी एकालाही कोणी विचारलेलं नाही. हे सगळं माझ्या मामासासऱ्यांचं, म्हणजे बायकोच्या थोरल्या मामांचं कर्तृत्व. बार्शीटाकळीजवळ त्यांचा भाजीचा मळा आहे. पहाटे वांगी, मेथी, कोथिंबीर घेऊन ते अकोल्याच्या बाजारात येतात. भाजी संपली की बाकीची माणसं घरी जातात, हे स्टेशनवर जातात. मुंबईहून नागपूर-हावड्याकडे जाणारी आणि तिकडून येणारी निम्मी दुनिया अकोल्यावरून जाते. त्या दुनियेत आपलं कोणी असलं आणि ते तसंच पुढे निघून गेलं, तर मामासासऱ्यांना तो घराण्याला लागलेला बट्टा वाटतो. “गाडी आपल्या दारावरून जाते अन् मानूस बिस्कुट खात बसते,” ते म्हणतात, “हे काय बराबर दिसते का?”

कसं दिसतं ते मला ठाऊक नाही, पण मी ते भोगलेलं आहे. मी मूळचा अमरावतीचा. नोकरीपायी अकोल्यात आलो, जठारपेठेत घर घेतलं, तेव्हा वाटलं होतं, मामासासऱ्यांच्या गावात जावयाची चैन होईल. वऱ्हाडात जावयाला पाण्याचा गडवासुद्धा उचलू देत नाहीत. माझ्या हातात मात्र पहिल्याच आठवड्यात चार पुडांचा डबा, वांग्यांची पिशवी आणि मेथीच्या दोन जुड्या आल्या. “जवाईबापू, तुमी कायी करू नका, फकत धरा,” असं म्हणून ते फलाटावर पुढे चालू लागले. तेव्हापासून मी धरूनच आहे.

आमचं स्टेशन इंग्रजांच्या काळातलं. कधीही जा, माणसांना पाय ठेवायला जागा नसते. कोणी जिना शोधतंय, कोणी बोगी शोधतंय, कोणी सोबतचा माणूस शोधतंय. मामासासरे या गर्दीत आपल्या वाफ्यांतून फिरावं तसे फिरतात. कुठली बोगी कुठे लागते हे ते डोक्यावरच्या पाटीवर बघत नाहीत. चहाच्या दुकानापासून सात पावलं, मग नळ, मग एक लोखंडी खांब, असं त्यांचं गणित असतं. एका गाडीच्या डब्यांचा क्रम मध्यंतरी बदलला, तेव्हा त्यांनी तो बदल मनाला लावून घेतला होता. सांगायचं तरी ना, म्हणाले. कोणी कोणाला सांगायचं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. अनोळखी प्रवाशांनाही ते सोडत नाहीत. म्हाताऱ्या बाईची पिशवी परस्पर उचलून तिला बोगीत बसवून येतात, आणि तिची लेक मागे “आई कुठे गेली” म्हणून शोधत असते.

एसी बोगीचा त्यांना मनापासून तिटकारा. “ज्याची खिडकीच उघडत नाई, ते कपाट झालं. मानसानं कपाटात बसून जावं काय?” एकदा माझ्या चुलतसाळ्यासाठी ते अशाच एका कपाटात शिरले. बत्तीस नंबरवर डोक्यापर्यंत चादर ओढून कोणी झोपलं होतं. मामासासऱ्यांनी उशाशी डबा ठेवला, पायाशी वांगी ठेवली, चादरीवरूनच डोक्यावरून हात फिरवला आणि खाली उतरले. साळ्यानं जागा बदलून घेतलेली होती, हे रात्रीच्या फोनवर कळलं. चादरीखाली कोलकात्याचे कोणी गृहस्थ होते. जागे झाले, समोर झुणका-भाकर आणि मिरचीचा ठेचा बघितला आणि देवाची इच्छा म्हणून जेवले. ठेचा खाल्ल्यावर त्यांचं देवाबद्दलचं मत बदललं असावं, असं मी म्हटलं. मामासासरे म्हणाले, “जेवला ना कोनीतरी? झालं मंग.”

या छळाला कंटाळून नातेवाईक लपूनछपून प्रवास करू लागले. अमुक गाडीनं जातोय, पण मामांना सांगू नका, असे फोन माझ्या बायकोला येतात. नव्यानं लग्न झालेला एक भाचा बायकोला घेऊन असाच गुपचूप निघाला होता. मामासासऱ्यांना कुठून सुगावा लागला देव जाणे. “बंड्या, अबे बंड्या,” अशी हाक मारत ते सबंध गाडीभर फिरले. तीन बंड्या दारात आले, त्यात आमचा नव्हता. त्यांनी तिघांना एकेक भाकर दिली.

हे सगळं मी हसत सांगतो, घरात सगळेच सांगतात. पण एका माणसाचा विषय निघाला की मामासासरे उठून बैलाला पाणी पाजायला जातात, पाजलेलं असलं तरी जातात. तो माणूस म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. नऊ वर्षं तो यांच्याशी बोललेला नव्हता. कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. मामासासऱ्यांच्या मुलाच्या लग्नात मानाचा शेला-टोपी द्यायला एकेकाचं नाव माइकवरून पुकारत होते. व्याही झाले, गावचे झाले, बँडवाल्याचासुद्धा नंबर लागला. नवरदेवाचा काका मात्र तिकडे घामाघूम होऊन पंगती उठवत होता, त्याचं नावच पुकारलं गेलं नाही. यादी मामासासऱ्यांनी स्वतः लिहिली होती. “घरच्या मानसाचं नाव कोनी लिहिते काय? मी माहं तरी लिहिलं होतं काय?” हे त्यांचं म्हणणं. सगळ्यांपुढे आपल्याला वगळलं, हे भावाचं. तो त्याच दिवशी नाशिकला मुलाकडे निघून गेला. नंतर कितीदा अकोल्यावरून गेला असेल, पण डबा नाही की हाक नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या सुनेचा माझ्या बायकोला फोन आला. बाबांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन आहे, नागपूरला नेतोय, दुपारच्या गाडीनं. थोरल्यांना कळवायचं नाही, अशी बाबांची सक्त ताकीद आहे. बायकोनं फोन ठेवला आणि लगेच मामांना कळवलं. मला वाटलं, आता डब्यांची रास येईल. आला एकच लहान डबा. मामीसासूबाईंनी दोन भाकरी आणि तेल-तिखट न घातलेलं वांग्याचं भरीत दिलं होतं. त्या दिवशी मामासासऱ्यांनी डबा माझ्या हातात दिला नाही. फलाटावर कोणाची पिशवी उचलली नाही, कोणाला बोगी सांगितली नाही. “घेईन काय हो थो?” एवढंच त्यांनी मला दोनदा विचारलं. मी घेतील म्हणालो, पण माझाच माझ्यावर विश्वास नव्हता.

गाडी आली. दारात भावाचा मुलगा उभा होता, बिचारा ओशाळलेला. “मोठे बाबा, बाबा म्हणतात, राहू द्या.” मामासासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं, डबा छातीशी धरला आणि सरळ आत शिरले. चढताना उजव्या पायातली चप्पल निसटून फलाटावर पडली. मी ती उचलली, दार गाठेपर्यंत गाडी हलली. ज्या माणसाला मी आयुष्यात रेल्वेत बसलेलं पाहिलं नव्हतं, तो दहा रुपयांच्या फलाट तिकिटावर नागपूरच्या दिशेनं निघून गेला, आणि मी, या घराण्याचा मानाचा जावई, हातात एक चप्पल घेऊन गर्दीत उभा राहिलो. येणारे-जाणारे मला वाट देत होते. बहुतेक त्यांना वाटलं असावं, मी कोणाला तरी शोधतोय.

संध्याकाळी ते बडनेऱ्याहून परत आले. मी तिथेच बाकावर बसून होतो. त्यांच्या पायात नव्याकोऱ्या चपला होत्या, एक नंबर मोठ्या. “त्याच्या हायेत,” ते म्हणाले. “म्हने दवाखान्यात कायले लागते.” मग बाकावर बसले आणि चहा घेता घेता सांगू लागले.

“समोर बसलो त्याच्या. त्यानं पाह्यलं अन् तोंड खिडकीकडं केलं. मी डबा मधात ठेवला. मूर्तिजापूर गेलं तरी दोघंबी चुप. डबा मधातच, बंद. मंग टीसी आला. मले तिकीट मांगलं. मी फलाटाचं दाखोलं. थो म्हने, बाबा, तुमी कोनासंगं? आता मी काय सांगू, जवाईबापू? मी सांगतलं अन् भाऊच नाई म्हनला तं? मी खालतं मुंडकं घालून बसलो. पोरगं बोलाले गेलं, तं यानं त्याले हातानं थांबोलं. अन् मंग म्हनला...” चहाचा कप त्यांनी बाकावर ठेवला. “आख्ख्या बोगीले आयकू जाईन असा म्हनला. हा माहा मोठा भाऊ व्हय. माह्यासंगं हाये.”

“मग?”

“मंग काय. जेवला. दोन्ही भाकरी खाल्ल्या.” एवढं बोलून त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं सबंध तोंड पुसलं, आणि पुसतच राहिले. मी उगाच समोरच्या गाडीचं नाव वाचत बसलो. बडनेऱ्याला ते उतरताना भाऊ त्यांना म्हणाला होता, परत येईन तेव्हा मी स्वतः फोन करतो, गाडी सांगतो.

ऑपरेशन झालं. बाबा ठीक आहेत, असं मुलगा फोनवर सांगतो, पण त्याचा आवाज मला तितकासा ठीक वाटत नाही. अजून काही दिवस ठेवून घेणार आहेत म्हणे. मामासासरे हल्ली बाजारातून थेट घरी जातात. फोन सदऱ्याच्या खिशात असतो, मळ्यात पाणी देतानाही. काल मला राहवेना म्हणून म्हटलं, “मामाजी, मी धाकट्यांच्या मुलाला विचारतो, ते कधी निघणार आहेत, कुठल्या गाडीनं.”

“नका इचारू,” ते म्हणाले. “थो सांगतो म्हनला हाये. त्याले सांगू द्या.”