ऑपरेशनाआधीचं मीठ
माझे सासरे प्रेशर वाढून, मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्यांचे दिवस झाले आणि ह्यांनी मीठ सोडलं. तेव्हापासून आमच्या कर्वेनगरच्या घरात दोन पातेली : ह्यांची अळणी आमटी, माझी नेहमीची. लग्नात कुणी पापड वाढायला आलं तर हे असं बघायचे की वाढणाऱ्यालाच अपराधी वाटावं. मला वैताग यायचा, आणि खरं सांगते, अभिमानही वाटायचा.

एवढं पथ्य पाळूनही ह्यांचं प्रेशर हट्टीच. मधूनच डोकं ठणकायचं, छाती धडधडायची, सदरा घामाने भिजायचा, चेहरा पांढराफटक. थोड्या वेळाने सगळं शांत. "टेन्शन घेऊ नका," प्रत्येक डॉक्टरने सांगितलं. फुकटचा सल्ला नव्हता, फी घेऊन दिलेला. शेवटी हार्मोन्सच्या एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "डोकेदुखी, धडधड, घाम, तिन्ही एकदमच होतं का?" मग दिवसभराची लघवी साठवून तपासणी, मग सीटी स्कॅन. डाव्या मूत्रपिंडाच्या वर अ‍ॅड्रिनल नावाची ग्रंथी असते, तिच्यात लिंबाएवढी गाठ निघाली. तीच रक्तात प्रेशर वाढवणारं हार्मोन सोडत होती.

गाठ काढायची, पण लगेच नाही. आधी दोन आठवडे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी. "आणि भरपूर पाणी, भरपूर मीठ," बाई म्हणाल्या. "सैल झालेल्या वाहिन्या भरलेल्या हव्यात. नाहीतर गाठ निघताच प्रेशर कोसळेल आणि सावरणं अवघड जाईल."

घरी आल्यावर हे म्हणाले, "उद्या विष खा म्हणतील."

मी ताकात मीठ घातलं, ह्यांनी पेला सरकवला. लोणचं वाढलं, ते ताटातच राहिलं.

"अहो, जिवाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच नको."

एका सकाळी हे पेपर घ्यायला खुर्चीतून उठले आणि दारातच कोसळले. मी त्यांचे पाय उशीवर ठेवले आणि डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "गोळीने थोडी चक्कर येतेच, पण इतकी नाही. मीठ खातायत ना? असंच राहिलं तर ऑपरेशन पुढे जाईल, आणि ती गाठ पोटात ठेवून थांबणं धोक्याचं आहे."

माझं डोकं फिरलं. "मरायचंच असेल तर तसं सांगा," मी ओरडले, "म्हणजे मी नुसती बघत बसते!"

हे जमिनीवरच पडून होते. तिथूनच म्हणाले, "मीठ सोडलं म्हणून मी टिकलो, असं वाटत होतं गं. आता मीठच खा म्हणतात. खाल्लं आणि बाबांसारखं झालं तर?"

इतक्या वर्षांत हा माणूस घाबरलेला मी पाहिला नव्हता. राग कुठल्या कुठे गेला. भात कालवला, मीठ घातलं, शेजारी बसून भरवला. डोळे गच्च मिटून हे एकेक घास गिळत होते. त्या दिवसापासून रोज.

ऑपरेशनच्या दिवशी मी थिएटरबाहेरच्या बाकावर होते. दार उघडलं की उठून उभी राहायचे. अखेर भूल देणारे डॉक्टर बाहेर आले. "गाठ काढल्यावर प्रेशर झरझर उतरलं. पण सावरलं. तयारी चांगली झाली होती तुमची."

मला एकदम रडू फुटलं, हुंदके आवरेनात. पलीकडच्या बाकावरून एक अनोळखी बाई उठून आल्या, त्यांनी मला जवळ घेतलं. "देवाची इच्छा," त्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या.

"नाही हो," मी त्यांचा हात घट्ट धरून सांगत राहिले, "आहेत. आहेत ते!"