कडेची भोकं

अहेरीच्या एका जुन्या बंगल्यातला, भोकं पाडलेल्या कागदावरून आपोआप वाजणारा पियानो वाळवीने खाल्ला, पण त्याच्यासोबतची कागदाची एकुलती गुंडाळी माझ्याकडे वडशाला आली. कोण्या वादकाने कधीतरी वाजवलेलं त्या कागदावर भोकांच्या रूपात उतरलेलं होतं, आणि ते पुन्हा ऐकायचा तेवढाच मार्ग उरला होता. मी कामांची यादी केली: धूळ झाडणे, कसरीच्या किड्यांनी पाडलेली भोकं बुजवणे, फोटो काढणे, फोटोंवरून कॉम्प्युटरवर सूर वाजवणे. पाच आठवड्यांत सगळ्यांपुढे बरोबरची खूण झाली.

मग झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवणाऱ्या शेजारच्या भाऊंना ऐकायला बोलावलं.

"बाई, यात माणूस कुठी आहे?" ते म्हणाले. "ही तं धानाची गिरणी चालून राह्यली."

खरंच, प्रत्येक सूर सारख्याच जोराने आदळत होता. मी कॉम्प्युटरला दोष देत सगळं दोनदा तपासलं. तोवर भाऊंनी कागद उजेडात धरला.

"या काठाले खळ काऊन लावली?"

दोन्ही काठांवरची बारीक भोकं मी कसरीची समजून, भाताच्या खळीने ठिगळं लावून बुजवली होती. वादकाचा हात कुठे हलका, कुठे जड, ते त्याच भोकांत होतं. आणि फोटो मी नंतर काढले होते.

दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने ठिगळं सोडवायला बसले. अकरा नीट सुटली. चार ठिकाणी ठिगळाबरोबर मूळ कागदही निघाला. तिथे तो वादक हळू वाजवत होता की जोरात, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.