देवीपुढचा पाना

पाना घरी होता, देवीपुढे, कुंकू लावून ठेवलेला. आणि इंजिन बंद पडलेली आमची बोट वाऱ्यानं कोडीकडे निघाली होती. तळं भरलं की जादा पाणी ज्या दगडी बांधावरून खाली पडतं, त्याला इकडे कोडी म्हणतात. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी आठ दिवस पाऊस लागला होता. बांधावरून पाणी धो धो पडत होतं आणि खाली नुसते खडक. बोटीतल्या बाया देवीचा धावा करू लागल्या. मी केला नाही. माझ्या तोंडात देवीसाठी शिवी आली होती, खोटं कशाला सांगू.

बंगळुरात आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या. हे तळं के. आर. पुरमच्या पुढे आहे, पलीकडच्या काठावर देवीचं देऊळ. नवरात्रात लोकांना नेण्या-आणण्यासाठी आमची डिझेलची बोट चालायची. सुकाणू आमच्या ह्यांच्या हातात, इंजिनाची निगा माझ्याकडे. मी चौथी शिकलेली, पण एवढं कळत होतं की डिझेलमध्ये पाणी शिरलं तर ते तळाशी बसतं. म्हणून रोज सकाळी फिल्टरच्या खालचा स्क्रू पान्यानं सैल करायचा, काचेच्या ग्लासात धरायचं, आणि पाणी संपून निव्वळ डिझेल येईतो सोडून द्यायचं. कंटाळवाणं काम, पण त्यावर इंजिन चालतं.

नवमीला ह्यांनी आयुधपूजा केली. इंजिनावर घागरभर पाणी ओतलं, वर नारळाचं पाणी. टाकीचं झाकण महिन्यापूर्वीच तळ्यात पडलं होतं, तिथं फडकं कोंबलेलं.

"अहो, ओल्या फडक्यानं पुसा नुसतं. पाणी कशाला?" मी म्हटलं.

"वर्षातून एकदा अंघोळ घालतो त्याला. त्यात तुझं काय जातं?"

टाकीवरचं फडकं चिंब झालेलं मी पाहिलं. बोलले नाही. सकाळीच आमचं वाजलं होतं, पुन्हा तोंडाला तोंड नको होतं. शिवाय पूजेतली अवजारं दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत उचलायची नाहीत, हा आमच्या घरचा नेम. म्हणून दसऱ्याच्या सकाळी मी पाना उचलला नाही आणि पाणीही सोडलं नाही. नेम ह्यांचा होता, पण पाळला मी.

तळ्याच्या मध्यावर इंजिन दोनदा ठसकलं आणि थांबलं. कोडीच्या अलीकडे पाण्यात एक दगडी खांब आहे. ह्यांनी बोटीच्या दोराचं टोक कमरेला बांधलं.

"मी खांबाला दोर बांधतो. तू इंजिन बघ."

"कशानं बघू? पाना घरी बसवलाय ना देवीपुढे!"

त्यांच्याशी माझं ते शेवटचं बोलणं. त्यांनी उडी टाकली. थोड्या वेळानं हिसका बसून बोट थांबली, म्हणजे दोर बांधला गेला होता. पण दोर जुना. त्याचे पीळ एकेक तुटताना दिसत होते.

मागच्या फळीवर एक बाई बसली होती. देवळापाशी भजी तळायला निघालेली, पाच लिटर रॉकेलचा डबा घेऊन. बोटीत चढतानाच मी तिला अडवलं होतं, "अक्का, रॉकेल नको बोटीत. उतर बघू." ती म्हणाली होती, "मग भजी काय तुझ्या तोंडच्या वाफेवर तळू?" आणि खुशाल येऊन बसली होती. आता तीच पुढे सरकली.

"काय पाहिजे?"

"पाना."

"पाना कुठला! कढई उतरवायची पक्कड आहे." तिनं पिशवीतून काढून दिली.

पक्कड दोनदा निसटली, बोटं सोलली, पण स्क्रू फिरला. फिल्टरमधून पाणीच पाणी आलं. टाकीतलं सगळंच बिघडलेलं, आता चांगलं डिझेल आणायचं कुठून? रॉकेलवरही हे इंजिन तात्पुरतं चालतं. मी डब्याकडे पाहिलं. तिनं झाकण आधीच उघडलं होतं. "घे. काठाला तर लाव आम्हांला." टाकीची नळी काढून मी डब्यात घातली, तोंडानं ओढली, तोंडभर रॉकेल आलं ते थुंकले. डबा उंच धरायला हवा होता. त्या डुलत्या बोटीत ती बाई डबा डोक्यावर घेऊन उभी राहिली.

मग हवा काढायची. फिल्टरचा वरचा स्क्रू सैल केला की फेस येतो, बुडबुडे येतात. नळीत हवा असेतो इंजिन धरत नाही, आणि ह्या कामात घाई चालत नाही. बुडबुडे संपेतो मी थांबले. मान वर करून खांबाकडे पाहिलं नाही. स्क्रू आवळला, हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन सुरू झालं. दोर त्यानंतर तुटला. मग मी पाहिलं. खांबाला दोराचं टोक होतं, माणूस नव्हता.

लोक म्हणाले, देवीच आली त्या बाईच्या रूपानं. ती बाई तिसऱ्या दिवशी आमच्या दारात आली, डबा आणि पक्कड मागायला. मी दोन्ही घासून ठेवलं होतं. "देवी कधी डबा परत मागते का?" मी जावेला विचारलं. ती म्हणाली, "मागेलही." मला ठाऊक नाही.

पुष्कळ वर्षं मी देवीशी भांडले. पक्कड धाडलीस, रॉकेल धाडलंस, मग पूजेच्या वेळी माझी जीभ का नाही हलवलीस? आता विचारत नाही. उत्तर मिळालं म्हणून नव्हे. दसऱ्याला देवळात जाते, हात जोडते, मागत काही नाही. मी उतरवत असताना ती बाई बोटीत बसून राहिली, त्याचे उपकार मानते. बाकीचं देवीच्या पायाशी ठेवलं आहे, कारण माझ्यानं ते उचलवत नाही.

त्या दिवशी बोटीत आम्ही चौदा माणसं होतो. तेरा वाचलो.