धारेची वेळ

सकाळचे अकरा वाजले की वैशाली माझ्या टेबलाशी यायची, काळी पिशवी खांद्याला अडकवायची आणि भर ऑफिसात खणखणीत आवाजात सांगायची, "काका, धारंची वेळ झाली. चावी द्या." पहिल्या दिवशी मी कानापर्यंत लाल झालो. कतारमध्ये, दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियापलीकडचं आमचं कंत्राटदाराचं ऑफिस. चाळीस पुरुष आणि तीन बायका. मराठी कळणारे आम्ही दोघंच, तेवढं नशीब. "अगं, हळू बोल जरा," मी म्हणालो. तर म्हणते कशी, "कुणाला कळतंय हितं? आणि कळलं तरी चोरी करायला चाललोय होय मी?"

कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, तशी ती म्हणायची. पन्हाळ्याच्या बाजूचं गाव, माहेरी सात म्हशी, वडील डेअरीला दूध घालणारे. स्वतः सिव्हिल इंजिनिअर, आमच्याकडे प्लॅनिंगला. नवरा लांबच्या गॅस प्रकल्पावर, पंधरा दिवसांतून एकदा घरी. मी दळवी, चिपळूणचा, बावीस वर्षं इथे ॲडमिनमध्ये. ऑफिसातल्या सगळ्या खोल्यांच्या चाव्या माझ्याकडे असतात, त्यामुळे लोकांना उगीच वाटतं की माझ्या हातात काहीतरी आहे.

बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली, तेव्हा तिचा तान्हा शंभू अल मन्सूरा भागातल्या तिच्या फ्लॅटमध्ये आजीजवळ असायचा. वैशालीची आई व्हिजिट व्हिसावर आली होती. अंगावर पाजणाऱ्या आईला कायद्याने रोज एक तास मिळतो. आम्हीही तो दिला. पण तो तास घेऊन बाई जाणार कुठे? कंपनीची बस पाचला, एक मिनिट आधी नाही. शेवटी मी तिला जुन्या नकाशांच्या खोलीची चावी दिली. आत एक खुर्ची टाकली, दाराला आतल्या बाजूने कडी बसवून घेतली. तिथे बसून ती पंपाने दूध काढायची आणि बर्फाच्या डब्यातून घरी न्यायची. वरिष्ठांना मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर 'नाही' म्हणाले असते, हे बावीस वर्षांत पक्कं कळलं होतं.

तिचे नियम कडक. अकराच्या आधी कुणाशी वाद घालायचा नाही. एकदा एक फोरमन तिच्या टेबलावर कागद आपटून वाट्टेल ते बोलला. ही हसून ऐकत बसली. मीच चिडलो. "काका," ती म्हणाली, "रागावली की म्हैस पान्हा चोरती. भांडण साडेअकरानंतर." आणि खरंच, साडेअकराला बाहेर आली ती थेट त्या माणसाच्या टेबलाशी गेली. तिच्या हिंदीत त्याची अशी काही हजामत केली, की तो आठवडाभर वैशाली मॅडम, वैशाली मॅडम करत फिरत होता.

मग आईच्या व्हिसाची मुदत संपली. पाच महिन्यांच्या पोराला सांभाळायला दुसरं कुणी नाही. आई नातवाला घेऊन गावी गेली. अडीच महिन्यांनी वैशालीची वार्षिक रजा होती. तेव्हा जायचं आणि सासूबाईंचा व्हिसा काढून पोरासकट परत यायचं, असा बेत. तोवर दूध आटू द्यायचं नाही, एवढाच तिचा ध्यास. त्या दोघांना पोचवून विमानतळावरून आली त्या दिवशीही अकराला चावी मागायला हजर. डोळे सुजलेले. माझ्याच्याने राहवलं नाही. "आता कशाला गं जिवाला त्रास?"

"धार चुकली की म्हैस आटती, काका. बाळ लांब हाय म्हणून धार सोडून कसं चालंल?"

आता ती आत जाताना घरी व्हिडिओ कॉल लावायची. म्हणायची, "रेडकू पुढं आणल्याबिगर पान्हा सुटत नाही." बंद दारातून शंभूचे हुंकार माझ्या टेबलापर्यंत ऐकू यायचे. माझ्या दोन्ही मुली त्या वयाच्या होत्या तेव्हा मी इथेच होतो. त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. मी उगाच फायली चाळत बसायचो.

काढलेलं दूध आता न्यायचं कुणासाठी? पण मोरीत ओतायला तिचा जीव धजेना. आईचं दूध पायदळी जाऊ देऊ नये, झाडाच्या बुंध्याशी घालावं, हे आमच्याकडेही सांगतात. गेटजवळ एक कडुनिंब आहे. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात ओढणी डोक्यावर घेऊन ती तिथवर जायची, खाली बसायची आणि बाटली हळूच बुंध्याशी रिकामी करायची.

दहा-बारा दिवसांनी गेटवरच्या गार्डने रिपोर्ट दिला. "सर, मॅडम रोज पेड के नीचे कुछ सफेद डालती है." त्याचंही चुकलं नाही, साइटवर केमिकल ओतलं तर ते बघणं त्याचं कामच. रिपोर्ट एचआरकडे गेला आणि तिथल्या मॅनेजरने माझ्याकडून लेखी खुलासा मागवला.

मी अख्खी दुपार खपून खुलासा लिहिला. आयुष्यात इतकं चांगलं इंग्रजी लिहिलं नसेन. ही किती कर्तबगार, आमच्यात दुधाला किती मान, मूल भारतात पाठवावं लागलं तरी बाई किती जिद्दीने धडपडते आहे, सगळं लिहिलं. वाचून माझेच डोळे भरले. वाटलं, दगडालाही पाझर फुटेल.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मूल देशात नाही, सबब पाजण्याचा तास लागू होत नाही, आजपासून बंद. नकाशांच्या खोलीची चावी एचआरकडे जमा करावी.

अरे देवा! तिचं बाळ भारतात आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते मी सांगितलं होतं. मी, शहाण्याने, सही-शिक्क्यासह.

मी मॅनेजरकडे गेलो. ते वाईट नव्हते. चहा मागवला. म्हणाले, "मिस्टर दळवी, नियम मी केलेला नाही. खलास." पुढच्या महिन्यात माझ्या कॉन्ट्रॅक्टचं नूतनीकरण होतं. मी चहा प्यालो आणि बाहेर आलो. त्या चहाची मला आजही लाज वाटते.

वैशालीला मी एवढंच सांगितलं, "वरून आलंय." तिने तिच्या नावाचं बंद पाकीट फोडून पत्र वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं. "बरं," म्हणाली. मग चहाच्या दहा मिनिटांच्या सुट्टीत ती बायकांच्या एकुलत्या एका टॉयलेटमध्ये जायची. बाहेरून कुणी दार वाजवायचं. दहा मिनिटांत पंप जोडायचा की पोराला फोन लावायचा? मध्ये छातीत गाठी धरल्या, ताप भरला, दोन दिवस घरी राहिली. ताप उतरल्यावर आली ती ओढलेल्या चेहऱ्याची. त्यात साइटचं काम अडलं म्हणून तिची रजा तीन आठवडे पुढे ढकलली. ते पत्रही माझ्याच हातून गेलं. एके दिवशी अकरा वाजले आणि ती जागेवरून उठलीच नाही. मी बघतोय हे तिला कळलं. मान न उचलता म्हणाली, "आटलं, काका."

रजेवर गेली, ती गेलीच. आठव्या दिवशी राजीनाम्याची ई-मेल आली आणि संध्याकाळी तिचा फोन.

"घेत न्हाई ओ काका. नुसतं तोंडाला लावून बघितलं, तर पाठ फिरवतोय. माझ्याकडं पाहुण्यागत बघतोय."

 मी सांगूनच टाकायचं ठरवलं. "वैशाली, ते पत्र... तो तास बंद झाला, तो माझ्यामुळे..."

"म्हाईत हाय मला. पत्राला तुमच्या खुलाशाची कॉपी जोडली होती."

म्हणजे त्या दिवसापासून तिला ठाऊक होतं. त्यानंतर रोज सकाळी ती मला "काका, जेवण आणलंय न्हवं?" विचारत होती.

"लई चांगलं लिहिलं होतं तुम्ही," ती म्हणाली. "मी जपून ठेवलंय. मोठा झाला की वाचायला देईन त्याला."

एवढ्यात पलीकडे शंभू रडायला लागला. ती त्याला घेऊन बोलू लागली, गाऊ लागली. तो आणखीच भोकांड पसरत होता. मी फोन कानाशी धरून उभा. शेवटी ती म्हणाली, "आई, घे बाई ह्याला." आजीने घेतलं असावं. तो लगेच गप्प झाला.

"ठेवतो, काका," ती म्हणाली.