चारशे सोळा अमावास्या

आमच्या गावच्या विहिरीच्या नोंदी विद्यापीठाच्या प्रदर्शनात लागल्या, त्या वर्षी जळकोट तालुक्यात सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं ते वर्ष. प्रदर्शन रेल्वे येण्याच्या महिनाभर आधी नांदेडला भरलं होतं. त्या दिवशी जी चूक उघडी पडली ती माझी होती, म्हणून ती मीच लिहिलेली बरी.

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. नवीन जिल्ह्याचे कोणी एक साहेब जीपमधून गावात आले आणि चावडीसमोर सांगून गेले, की आता जिल्हा आपला आहे, प्रत्येक विहिरीची नोंद होणार, ज्या गावाकडे नोंद त्या गावाला पाणी आधी. माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, हे वाक्य मनावर घेतलं. ओढ्याकाठच्या सार्वजनिक विहिरीत ते दर अमावास्येला दगड बांधलेला दोर तळापर्यंत सोडत, वर ओढत आणि ओला दोर किती हात भरतो ते वहीत लिहीत. अमावास्या एवढ्यासाठी, की त्या दिवशी आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. मोट बंद, पुढे मोटारी आल्या तर त्याही बंद. पाणी दिवसभर हललेलं नसतं, त्यामुळे माप खरं येतं.

वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, ‘जिल्हा झाला. पोळा.’ पोळ्याच्या अमावास्येला पहिलं माप घेतलं होतं. त्यानंतर एका ओळीत एक आकडा, बाकी काही नाही. महिन्याचं नाव नाही, साल नाही. मी एकदा म्हटलं होतं की तारीख घाला. ते म्हणाले, अमावास्या चुकवली न्हाई म्हंजे झालं, तिचं नाव कशाला लिहायचं. वही बघायला जिल्ह्याहून कोणीही आलं नाही. एक वही संपली की ते दुसरी घेत.

मी लातूरला एका गोदामात साठ्याच्या नोंदी ठेवतो. आलेला माल, गेलेला माल, शिल्लक, आणि शेवटी ताळा. गेल्या दहा वर्षांत अप्पांची नजर कमी झाल्यावर अमावास्येला गावी जाऊन आकडा मीच लिहीत होतो.

विहिरीच्या वरच्या अंगाला ऊसवाल्यांनी चार वर्षांत सात बोअर पाडले. सार्वजनिक विहिरीच्या इतक्या जवळ बोअर पाडता येत नाही, हा नियम सगळ्यांना माहीत होता. ग्रामसभेने ठराव करून तहसीलला दिला. तिथे विचारलं गेलं, विहीर बोअरमुळे आटली की पावसामुळे, याला पुरावा काय? पुरावा आमच्या घरी ट्रंकेत होता. मृग लागेपर्यंत विहिरीतलं पाणी पुरवायचं तर बोअर आताच बंद व्हायला हवे होते. अप्पा ब्याऐंशीचे. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घेत नाहीत, आणि पूजेला पाणी त्याच विहिरीचं. लातूरला माझ्याकडे यायला ते तयार नव्हते. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नळाला महिन्यातून एकदा पाणी येत होतं.

ओळखीतून एका प्राध्यापकांची गाठ पडली. भूगर्भशास्त्राचे. नांदेडला विद्यापीठाच्या आवारात ते दुष्काळावर प्रदर्शन भरवणार होते, सकाळी प्रदर्शन आणि दुपारी व्याख्यान. व्याख्यानाला भूजल खात्याचे वरिष्ठ साहेब येणार होते. प्राध्यापकांनी सगळ्या वह्या चाळल्या. मग म्हणाले, की एवढ्या वर्षांची सलग नोंद त्यांनी तरी या भागात पाहिलेली नाही. तक्ता भिंतीवर लावू, साहेबांना दाखवू, त्यांनी चार ओळींचा अभिप्राय दिला तर तहसीलदारांना बोअर सील करावे लागतील. त्यांनी मला छापील तक्ते दिले. आडवे बारा रकाने, जानेवारी ते डिसेंबर. आकडे भरून द्या, म्हणाले.

मी दोन रविवार बसून ते भरले. अप्पांच्या जुन्या वह्यांची शाई उडाली होती, म्हणून ते काम शेवटी ठेवलं आणि ताज्या नोंदीपासून मागे मागे लिहीत गेलो. मार्चमध्ये ताजा आकडा, फेब्रुवारीत त्याच्या आधीचा, असं. शेवटी ताळा केला. वह्यांत चारशे सोळा आकडे, तक्त्यात चारशे सोळा. ताळा जुळला की माझा जीव शांत होतो. मी सही करून तक्ते दिले.

प्रदर्शनाच्या दिवशी अप्पांना घेऊन सकाळच्या एसटीने निघालो. मुखेडहून नायगाव, तिथून नांदेड. नायगावला त्यांनी विचारलं, साहेब आजच लिहून देणार का. मी म्हटलं, आजच.

हॉलच्या दाराशी पाहुण्यांना काळ्या पिशवीतलं एकेक रोपटं देत होते. अप्पांनी ते हातात घेऊन विचारलं, ह्याला पाणी कुठलं घालू? देणारी मुलगी हसली. त्यांनी विनोद केलेला नव्हता. आत शाळांची पोरं रांगेने फिरत होती. थर्माकोलचा बंधारा होता, त्यात निळं पाणी, आणि त्यात बोट घालू नये म्हणून एक शिपाई खास उभा. शेततळं, ठिबक, ज्वारी-बाजरीचे नमुने. पिण्याच्या पाण्याच्या जारवर चिठ्ठी होती, ‘एकच ग्लास’.

आमचा तक्ता समोरच्या भिंतीवर, चांगला दोन माणसं उंच. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘एका विहिरीची चौतीस वर्षे आठ महिने’. खाली अप्पांचं नाव, गावाचं नाव. मी मोठ्याने वाचून दाखवलं. एक विद्यार्थिनी हातात काडी घेऊन समजावत होती. तिने अप्पांना नमस्कार केला आणि पहिल्या ओळीवर काडी ठेवून साल सांगितलं.

अप्पा म्हणाले, “बाई, तवा जिल्हा झाला नव्हता. जिल्हा पुढल्या साली झाला. मी मापाया जिल्हा झाल्यावर लागलो.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, छापणाऱ्याची चूक असेल. पिशवीतून माझी कार्बन प्रत काढली. साल माझ्याच अक्षरात होतं. मी बाकावर बसलो आणि निमंत्रणपत्रिकेच्या मागे हिशेब मांडला. जिल्हा झाला त्या ऑगस्टपासून या मार्चपर्यंत तेहतीस वर्षं आणि आठ महिने. तेहतीस बारे तीनशे शहाण्णव, अधिक आठ, चारशे चार. आकडे मात्र चारशे सोळा. बारा जास्त.

अमावास्या साडेएकोणतीस दिवसांनी येते, आणि इंग्रजी महिना त्याहून लांब असतो. म्हणून तर पंचांगात दर तिसऱ्या वर्षाच्या आसपास अधिक महिना घालतात. त्या वर्षी तेरा अमावास्या. आमच्याकडे अधिक महिन्याला जावयाला अनारशाचं वाण देतात, ते मी स्वतः घेतलं आहे. आणि मी दर वर्षी बाराच आकडे धरून रकाने भरत गेलो होतो. तेहतीस वर्षांत बरोबर एक वर्ष वाढलं. शेवट मार्चात आणि सुरुवात ऑगस्टात बसल्यामुळे दोन्ही टोकं बरोबर दिसत होती. पण मधल्या वर्षांचे आकडे सरकत सरकत सहा महिने बाजूला गेले होते. तिथे विहीर मे महिन्यात काठोकाठ होती आणि सप्टेंबरात तळाला.

मी प्राध्यापकांना गाठलं. ते स्वागताच्या गडबडीत होते, पण पत्रिकेवरचा हिशेब त्यांनी नीट पाहिला आणि खुर्चीत बसले. भला माणूस होता. म्हणाले, की चूक त्यांनीही पकडायला हवी होती. मग आवाज उतरवून म्हणाले, की बोअर पडल्यानंतरची चार वर्षं तर बरीचशी बरोबर आहेत, उतार खरा आहे. व्याख्यानात तेवढीच दाखवू. साहेबांचा अभिप्राय होऊ द्या, मग उद्या सगळं दुरुस्त करू.

हे मला पटलं होतं, असं मी इथे नोंदवतो. उतार खरा होता. मी अप्पांच्या शेजारी जाऊन बसलो आणि गप्प राहायचं ठरवलं.

व्याख्यान त्याच हॉलमध्ये, तक्त्याकडे पाठ करून मांडलेल्या खुर्च्यांसमोर होतं, आणि चांगलं झालं. प्राध्यापकांनी पडद्यावर शेवटची वर्षं दाखवली, बोअर कधी पडले तिथे तांबड्या रेघा. लोक टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेत बसलेले भूजल खात्याचे साहेब वही काढून काही लिहीत होते. अप्पांचं लक्ष त्या पेनाकडे होतं. शेवटी साहेबांनी माइक मागितला, नोंदीचं कौतुक केलं आणि म्हणाले, की अभिप्राय देण्याआधी एकच विचारतो, ही नोंद कोणी तपासून घेतली आहे का? प्राध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. ते म्हणाले, ज्यांनी तक्ता भरला ते गृहस्थ इथेच आहेत. माइक माझ्या हातात आला.

तीस वर्षं मी गोदामात ‘तपासले’ या शब्दाखाली सही करतो. न तपासलेल्यावर कधी केलेली नाही. मी सांगून टाकलं. चारशे चार आणि चारशे सोळा, अधिक महिना, मधली वर्षं उलटी. माझ्या हातून झालं, मूळ वह्या बरोबर आहेत, पंधरा दिवसांत दुरुस्त तक्ता देतो.

साहेब पडद्याकडे न बघता मागच्या भिंतीवरच्या मोठ्या तक्त्याकडे वळले. दोन मिनिटं वाचलं. मग हसून म्हणाले, “म्हणजे तुमच्या विहिरीला भर उन्हाळ्यात पूर येत होता म्हणा की.”

हॉल हसला. मीसुद्धा थोडा हसलो, कारण तसं त्यात लिहिलेलंच होतं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. वाईट माणूस नव्हे. मला जवळ बोलावून सांगितलं, की दुरुस्त करून रीतसर पाठवा, आम्ही पडताळणी करू. आज मात्र मला काही लिहिता येणार नाही, तुम्हीच सांगा कसं लिहू. मी म्हटलं, नाही लिहिता येणार. त्यांच्या जागी मीही लिहिलं नसतं.

परतीच्या एसटीत नरसी आल्यावर अप्पा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “बोअर बंद होणार का?”

“नाही अप्पा. सध्या नाही.”

“माझी वही चुकली का?”

“वही नाही. मी चुकलो.”

त्यांनी मान हलवली. माझी बायको इतक्या सहज सोडणार नव्हती. लातूरला आल्यावर तिने सगळं ऐकून घेतलं, भाकरी वाढली आणि म्हणाली, “एवढी वर्षं तुमचा खरेपणा गोदामाच्या मालकानं वापरला. एक दिवस गावाला वापरू दिला असता गप्प बसून.”

गावच्या जंगम स्वामींकडे, म्हणजे आमच्या पुरोहितांकडे, जुनी पंचांगं पोत्यात बांधून ठेवलेली होती. ती आणून मी प्रत्येक आकड्यासमोर त्याची अमावास्या आणि इंग्रजी तारीख लिहिली. तक्ता नीट झाल्यावर गोष्ट आधीपेक्षा जास्त स्पष्ट दिसली. महाशिवरात्रीनंतरच्या अमावास्येला, बोअर पडायच्या आधी, ओला दोर सात हातांखाली एकदाही आलेला नव्हता. पाऊस कमी झाला त्या वर्षांतही नाही. पहिल्या बोअरनंतर पाच, मग चार, मग तीन आणि या वर्षी दोन. हे मी रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोचपावती आली.

पुढच्या अमावास्येला दोर अर्धा हात भिजला. त्याच्या पुढच्या अमावास्येला दगडाला फक्त चिखल लागला. ऊसवाल्यांचे सातपैकी पाच बोअर त्याच पंधरवड्यात आटले, म्हणजे बोअर बंद झाले, पण कोणाच्या आदेशाने नाही. गावाला टँकर मंजूर झाला. टँकर घरोघर पाणी देत नाही. तो विहिरीत रिकामा होतो आणि लोक विहिरीतून शेंदतात. अप्पा दोन दिवस पूजेविना, म्हणजे उपाशी राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी टँकरच्या पाण्याने पूजा केली.

वैशाखात खात्याचं पत्र आलं. नोंदी मिळाल्या, त्या उपयुक्त आहेत, मात्र पडताळणीसाठी पुढील बारा महिन्यांची मापे सोबतच्या नमुन्यात घेऊन पाठवावीत. सोबत छापील तक्ता होता. मी गावी जाऊन अप्पांना पत्र वाचून दाखवलं. ते ओसरीवर बसले होते, हात गुडघ्यांवर.

“विहिरीत पाणी टँकरचं हाय,” ते म्हणाले. “ते मापून काय लिहू? टँकर किती मोठा हाय ते?”

त्या अमावास्येला ते विहिरीवर गेले नाहीत, आणि मीही त्यांना चला म्हटलं नाही. छापील तक्त्याचा पहिला रकाना मी कोरा सोडला. तळाशी बारीक अक्षरात सूचना होती, की कोरा रकाना असलेली नोंद खंडित समजली जाईल. ती सूचना मी अप्पांना वाचून दाखवली नाही.